नावापुरती मालकीण

(युवक-युवती शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली वाक्यं तशीच ठेवली आहेत.)



फळ्यावर माझा विषय लिहिलाय : 'विद्यापीठीय विद्यार्थी व विद्यार्थिनींच्या उद्योजक होण्याच्या आकांक्षांतील फरक'. विषय भारदस्त आहे. अशा विषयावर सेमिनार भरतात, समोसा-चहा होतो, शेवटी प्रमाणपत्रं वाटतात. आपल्याकडे समोसा नाही, तेव्हा सरळ कामाचं बोलू. (हशा) काल संध्याकाळी कार्यकारिणीनं ठराव मांडला की येत्या वर्षात संघटना आपल्या शिकलेल्या तरुणांची कर्जप्रकरणं करून देणार, उद्योग केंद्र काढणार. ठराव चांगला आहे. रात्री मी नावांची यादी वाचली. तिच्यात पोरींची नावं आहेत, आणि कमी नाहीत. पण नावापुढं जो फोन नंबर लिहिलाय तो भावाचा, बापाचा, नवऱ्याचा. एका भावानं तर आपल्या नावापुढं आणि बहिणीच्या नावापुढं एकच धंदा, एकच गाळा, एकच रक्कम लिहिलीय. मी आज जे काही बोलेन ते शेवटी त्या यादीवर येणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आधी पाहण्यांबद्दल, कारण आपल्यातले काही जण आकड्याशिवाय ऐकत नाहीत.

स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन विद्यापीठातून २००३ पासून 'गेस' नावाची पाहणी चालते. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांना विचारतात, शिक्षण संपल्यावर काय करणार, आणि पाच वर्षांनी काय करणार. २०२३ च्या फेरीत भारतातल्या विद्यार्थ्यांनी दिलेलं उत्तर असं : शिक्षण संपताच स्वतःचा धंदा काढू म्हणणारे शंभरात १४, आणि पाच वर्षांनी काढू म्हणणारे ३१. म्हणजे आधी नोकरी धरायची, चार पैसे गाठीला बांधायचे, मग उडी मारायची. पोरं शहाणी आहेत. आता यातला दुसरा भाग : या आणि अशा बहुतेक पाहण्यांत, बहुतेक देशांत, पोरींचा आकडा पोरांपेक्षा खाली असतो. कुठं थोडा, कुठं बराच. या फरकावर शेकडो प्रबंध झालेत.

प्रबंधवाल्यांचा आवडता सांगाडा १९९१ सालचा आहे, आयझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाचा. तो म्हणतो, माणूस एखादी गोष्ट करायचं मनावर घेतो ते तीन गोष्टींवर ठरतं. एक, ती गोष्ट त्याला बरी वाटते का. दोन, त्याच्या जवळच्या माणसांना ती पटते का. तीन, ती आपल्याला जमेल असं त्याला वाटतं का. पोरींचा पाय बहुतेक तिसऱ्या पायरीवर अडकतो असं दिसलं. २००७ साली अमेरिकेत शाळकरी मुलींपासून व्यवस्थापनाच्या विद्यार्थिनींपर्यंत अभ्यास झाला. त्यात 'मला जमेल' हा भरवसा मुलींत कमी निघाला. पण उद्योजकतेचं शिक्षण मिळाल्यावर तो भरवसा मुलांपेक्षा मुलींच्यात जास्त वाढला, हेही त्यातच निघालं. ही ओळ सेमिनारात कुणी वाचून दाखवत नाही.

आणखी दोन अभ्यास सांगते आणि पुस्तक मिटते. २००८ साली विद्यार्थ्यांच्या गटांना उद्योजकाची वेगवेगळी वर्णनं वाचायला दिली. जिथं वर्णन बाईचंही नाही आणि पुरुषाचंही नाही असं ठेवलं, तिथं पोरापोरींतला फरक जवळजवळ उरला नाही. २००९ साली अमेरिका, तुर्कस्तान आणि आपला भारत, या तीन देशांतल्या वाणिज्य-व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना विचारलं की उद्योजक म्हटल्यावर कसा माणूस डोळ्यांसमोर येतो. तिन्ही देशांत उत्तर एकच : पुरुषी. आणि गंमत बघा, त्या अभ्यासात बाई की पुरुष यानं इच्छेत फरक पडला नव्हता. ज्यांनी स्वतःला पुरुषी गुणांचं मानलं त्यांची धंद्याची इच्छा मोठी होती, मग त्या पोरी असोत की पोरं. म्हणजे धंद्याच्या खुर्चीवर आधीच कुणीतरी मिशीवाला बसवून ठेवलाय आणि मग पोरीला विचारतात, बाई, बसायचंय का तुला इथं?

आता आपलं बोलू. या सगळ्या प्रश्नावल्यांत स्त्री-पुरुषाचा रकाना असतो. मी वाचलेल्यांत जातीचा रकाना मला दिसला नाही. तेव्हा त्यांतली 'विद्यार्थिनी' कोण? जिच्या बापाचं दुकान आहे ती, की जिचा बाप दुकानाबाहेर झाडू मारतो ती? दोघींचा 'भरवसा' एकाच फूटपट्टीनं मोजून कसं चालेल?

मराठीत एक शब्द आहे, 'धंदा'. पोरगा म्हणाला, मी धंदा करतो, तर लोक विचारतात, कसला, किती सुटतात. पोरगी म्हणाली, मी धंदा करते... (हशा) बघा. हसलात. मला वाटलंच होतं हसाल.

मी रात्रीच्या कॉलेजात वाणिज्य शिकवते. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात विचारलं, पुढं काय करणार. एक पोरगी उभी राहिली, आपल्याच वस्तीतली, आई चार घरच्या पोळ्या करते. म्हणाली, मॅडम, मला धंदा करायचाय, केटरिंगचा. मागच्या बाकांवर खसखस पिकली. ती खाली बसली. पुढच्या आठवड्यात मी सगळ्यांकडून तेच लेखी मागितलं, तर तिच्या कागदावर होतं 'बँकेच्या परीक्षा'. या पोरीच्या हातात त्या आठवड्यात कुणी प्रश्नावली दिली असती तर त्यानं टिपलं असतं : विद्यार्थिनी, उद्योजकतेकडे कल कमी. मोजला असता मागच्या बाकांचा कल, लिहिला असता तिच्या नावावर.

आणि हे हसू सगळ्या जातींच्या पोरींना सारखं झोंबत नाही. ब्राह्मणाच्या पोरीनं पार्लर काढलं तर ती 'बिझनेस वुमन'. आपल्या पोरीनं काढलं तर वस्तीतलेच चार टगे गल्लीच्या तोंडाशी उभे राहून विचारतात, कसलं पार्लर गं? ज्या समाजाच्या बायांना देवाच्या नावानं सोडलं, मुरळ्या-जोगतिणी केलं, फडावर नाचवलं, त्या समाजाच्या बाईच्या तोंडी 'धंदा' हा शब्द आला की ऐकणाऱ्याच्या डोक्यात हजार वर्षांची घाण हलते. १९३६ साली बाबासाहेबांनी मुंबईत याच बायांची सभा घेतली आणि तो धंदा सोडा म्हणून सांगितलं. सोडून पोटाला काय खाणार, हा प्रश्न त्या बायांपुढं होताच. आज आपली पोरगी एमपीएससीचा क्लास लावते, बँकेच्या परीक्षा देते, तेव्हा तिला स्वप्न बघता येत नाही असं समजू नका. तिला ठाऊक आहे की सरकारी ओळखपत्र गळ्यात असलं की हे हसू जरा दबतं.

तिचा हिशेब नीट ऐका, पोरी हिशेबात कच्च्या नसतात. नोकरीत पगार तिच्या खात्यावर पडतो. धंद्यात गल्ला घरच्यांचा. नोकरीत बाळंतपणाची रजा मिळते, २०१७ पासून कायद्यानं २६ आठवड्यांची. धंदेवालीला कोण रजा देतो? दुकान बंद म्हणजे गिऱ्हाईक तुटलं. नोकरीत घरी यायला उशीर झाला तर 'ऑफिसात काम होतं' हे उत्तर चालतं. नोकरीवर जात काढली तर निदान अर्ज करायला जागा आहे, पण गिऱ्हाइकानं आडनाव वाचून डबा बंद केला तर अर्ज कुणाकडं करायचा? पोरगा म्हणतो, रिस्क घेतली पाहिजे. घे बाबा. तुझी रिस्क बुडली तर तू पुन्हा घरी येऊन जेवायला बसतोस, आई वाढते. तिची बुडाली की महिन्याभरात स्थळ बघतात.

म्हणून 'नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा' ही जी घोषणा हल्ली सगळीकडं ऐकू येते, ती मला अर्धीच गिळता येते. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांची डिक्की ही संस्था उभी केली. त्यातून काही जण खरोखर उभे राहिले, त्याबद्दल नाक मुरडायचं मला कारण नाही. पण ज्या सरकारनं कायम जागा भरायच्या सोडून कंत्राटी भरती लावली, त्याच्या तोंडी ही घोषणा आली की मला वेगळाच वास येतो. आरक्षणाची जागाच नाहीशी करायची आणि वर म्हणायचं, मालक व्हा. १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत अशी मागणी घटनेतच घालायला सांगितली होती. तेव्हा कायम नोकरीची लढाई सोडून कुणी कर्जाच्या फॉर्मामागं लागा म्हणत असेल तर मी त्यात नाही. दोन्ही करा. पोरींना तर दोन्ही लागतात.

आता आकांक्षा कमी म्हणतात त्या बायांनी आजवर केलंय काय ते बघू.

आपण बाबासाहेबांच्या चरित्रात वाचतो की अमेरिकेतून परतल्यावर त्यांनी मुंबईत शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक आटलं आणि पेढी बंद पडली. उद्योजकतेच्या भाषणात हे उदाहरण येतं, यायलाच पाहिजे. त्याच संसारात रमाईनं गोवऱ्या थापून विकल्या हेही आपण ऐकत आलो. ते मात्र आपण गाण्यात घालतो, डोळे पुसतो आणि त्याला 'त्याग' म्हणतो. शेण आणायचं, थापायचं, वाळवायचं, पावसापासून राखायचं, भाव ठरवून विकायचं, आलेल्या पैशात घर रेटायचं. यात कच्चा माल आहे, साठवण आहे, बाजार आहे, नफा-तोटा आहे. पेढीला धंदा म्हणायचं आणि याला त्याग, हे कुठलं वाणिज्य?

माझी मावशी टोपलीत सुका जवळा आणि बोंबील घेऊन चाळीचाळी हिंडायची. पाटी डोक्यावर, एक पोर कडेवर. कोणत्या खोलीत पगार किती तारखेला होतो ते तिला पाठ. कुणाला उधार द्यायचं, कुणाला नाही, पावसाळ्याआधी किती माल भरून ठेवायचा, भाव पडला तर कुठवर धरून बसायचं, सगळं तोंडी. लिहिता येत नव्हतं म्हणून दारामागं कोळशानं रेघा ओढायची. आमच्या कॉलेजात हेच मी 'खेळतं भांडवल' म्हणून शिकवते आणि त्याचा पगार घेते. जनगणनेवाला आला तेव्हा काकांनी तिच्या नावापुढं सांगितलं, काही करत नाही, घरी असते.

हे एकट्या मावशीचं नाही. सरकारच्या २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीत काम करणाऱ्या शंभर बायांतल्या ६५ 'स्वयंरोजगारी' दाखवल्यात. वाचून वाटेल, केवढ्या उद्योजक! आत बघा : त्या ६५ मधल्या ३७-३८ घरच्या शेतीत नाहीतर धंद्यात मदतनीस आहेत, बिनपगारी. सहाव्या आर्थिक गणनेत, २०१३-१४ साली, देशातल्या शंभर आस्थापनांतली जेमतेम १४ बायांच्या मालकीची निघाली, आणि त्यांतल्या ८३ टक्क्यांत पगारी माणूस एकही नाही. मालकीण तीच, कामगार तीच, झाडूवाली तीच. जातीचं बघायचं तर २००५ च्या गणनेवरून काढलेला हिशेब असा की लोकसंख्येत अनुसूचित जाती १६ टक्क्यांवर, आणि उद्योगांच्या मालकीत ९.८ टक्के.

पुण्यातल्या कचरावेचक बायांचं घ्या. त्यांत आपल्याच बाया बहुसंख्य. १९९३ साली त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत बांधली. भंगारवाल्याशी भाव, पोलिसाशी भांडण, ओळखपत्राची मागणी, सगळं संघटनेनं केलं. पुढं त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि शहराच्या घराघरांतला कचरा उचलायचं काम तिनं महापालिकेशी करार करून घेतलं. हा हजारो बायांचा उद्योग आहे. पण व्यवस्थापनाच्या वर्गात उदाहरण द्यायचं झालं की ॲपवरून जेवण पोचवणारा पोरगाच आठवतो. आपल्या शिबिरातही कालच्या वक्त्यानं दिलेली सगळी उदाहरणं पुरुषांची होती, एक सोडून. ते एक म्हणजे कल्पना सरोज. अकोला जिल्ह्यातली पोर, बाराव्या वर्षी लग्न, सासरचा छळ, मुंबईत शिवणकाम, मग सरकारी योजनेतलं कर्ज, आणि २००६ साली बुडीत निघालेली कमानी ट्यूब्ज हातात घेतली, २०१३ साली पद्मश्री. मला त्यांचा अभिमान आहे. पण एका बाईचा फोटो लावून लाखभर पोरींना 'तुम्ही का नाही?' विचारणं हा चावटपणा आहे. २०२१-२२ च्या उच्चशिक्षणाच्या सरकारी पाहणीत अनुसूचित जातींचे विद्यार्थी ६६ लाखांवर आहेत, त्यांतल्या मुली जवळजवळ ३२ लाख. या ३२ लाखांना कोणता दरवाजा उघडाय, ते विचारा.

दरवाजा म्हणजे भांडवल, आणि भांडवलाला तारण लागतं. तारण कुठून आणणार? १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानं मुलाइतका हक्क मिळाला. महाराष्ट्रानं तर १९९४ सालीच तशी दुरुस्ती केली होती. हिंदू कोड बिल अडवलं म्हणून १९५१ साली ज्या माणसानं मंत्रिपद फेकलं, त्याच्या लेकरांनी तरी हा हक्क पाळावा? आपल्या घरांत काय होतं? बाप गेला की बहिणींना साडी-चोळी करतात, जेवू घालतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. नाही केली तर माहेर तुटलं. इथं बसलेल्या किती भावांनी बहिणीची सही घेतलीय, हात वर करायला सांगत नाही. (शांतता) गावात एकरभर तुकडा असो की शहरात दहा बाय बाराची खोली, ती भावाची झाली. मग हाच भाऊ शिबिरात येऊन विचारतो, आपल्या पोरी धंद्यात का येत नाहीत?

(मागून आवाज : बँकेला तारण लागत नाही आता, ताई.)

बरोबर आहे, दादा. २०१० साली रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलंय की लहान उद्योगांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका. २०१५ पासून मुद्रा योजना आहे, तिथंही तारण नाही. कागदावर सगळं आहे. मी एका विद्यार्थिनीबरोबर बँकेत गेले होते, शाखेचं नाव सोडा. साहेबानं तिची फाइल उघडली, कोटेशन बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, लग्न ठरलंय का? दुसरा प्रश्न, वडील कुठं असतात? तिसरा प्रश्न त्यानं विचारला नाही, आडनावाकडं नुसतं बघितलं. तारण मागितलं नाही हे खरंय. 'घरातल्या कुणाला तरी घेऊन या' म्हणाला. महामंडळांकडं जा, महात्मा फुले महामंडळ १९७८ पासून आहे, अण्णाभाऊ साठे महामंडळ १९८५ पासून. गरजेच्या योजना आहेत, आपल्या लढ्यातून आल्यात. पण कर्ज म्हटलं की जामीनदाराचा प्रश्न आला. बापाला मित्र असतात, युनियन असते, नाक्यावरची ओळख असते. वीस वर्षांच्या पोरीनं जामीनदार कुठून उभा करायचा?

आणि एका योजनेचे आकडे मुद्दाम सांगते. स्टँड-अप इंडिया. ५ एप्रिल २०१६ ला सुरू झाली. प्रत्येक बँक शाखेनं निदान एका अनुसूचित जाती किंवा जमातीच्या माणसाला आणि निदान एका बाईला दहा लाख ते एक कोटी कर्ज द्यायचं होतं. मार्च २०२३ पर्यंत सरकारनं दिलेला हिशेब : एकूण खाती १ लाख ८० हजार ६३६. त्यात महिला १ लाख ४४ हजार ७८७. अनुसूचित जाती २६ हजार ८८९. अनुसूचित जमाती ८ हजार ९६०. घरी जाऊन तिन्ही आकड्यांची बेरीज करा. बरोबर एकूण आकडा येतो, एकानंही कमीजास्त नाही.

कळलं का? एकही माणूस दोन रकान्यांत नाही. मग दलित बाई कुठं गेली? ती महिलांत मोजली की जातीत? महिलांत मोजली तर तिची जात पुसली. जातीत मोजली तर तिचं बाईपण पुसलं. आणि शंभरातली ऐंशी खाती ज्या 'महिलां'ची आहेत त्यांत आपल्या बाया किती, हे त्या तक्त्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चळवळीत आपलं असंच होतं, बायांच्या मोर्च्यात आपण दलित, दलितांच्या मोर्च्यात आपण बाया. (टाळ्या) टाळ्या नकोत, वेळ कमी आहे. ही आकडेवारी आडवी-उभी मांडून मिळावी म्हणून माहिती अधिकाराचे अर्ज टाकायला हवेत, शाखेशाखेला. ते काम वाचायला बसणाऱ्या पोरांचं आहे.

आता येते यादीवर.

बायांसाठी योजना आल्या की घरातले पुरुष बाईचं नाव पुढं करतात. पंचायतीत राखीव जागा आल्या, सरपंच बाई झाली आणि सही करायला नवरा बसला. आपल्याला याचा राग येतो, कारण जातीच्या बाबतीत हेच आपल्याशी झालंय. राखीव कोट्यातला पेट्रोल पंप, गॅस एजन्सी आपल्या माणसाच्या नावावर आणि गल्ल्यावर भलताच शेठ, हे तुम्ही-आम्ही सगळ्यांनी पाहिलंय. त्या आपल्या माणसाला महिन्याला काही हजार देऊन शेठ मोकळा. त्याला आपण काय म्हणतो? नाव विकलं म्हणतो. दलाल म्हणतो. मग भावा, तू बहिणीचं नाव घालून महिला योजनेतलं कर्ज उचललंस, चेकबुकावर तिच्या कोऱ्या सह्या घेऊन ठेवल्यास, तर तू त्या शेठपेक्षा वेगळा कसा? कर्ज थकलं की बँकेची नोटीस तिच्या नावानं येणार. पुढं तिला स्वतःला काही करायचं झालं तर तिचा क्रेडिट रेकॉर्ड काळा. लग्न झालेलं असेल तर सासरी नोटीस जाणार. हे पाप संघटनेच्या लेटरहेडवर होणार असेल तर माझा त्या ठरावाला विरोध आहे, आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यावा.

सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपले स्टॉल लागतात. पुस्तकं, फोटो, दिनदर्शिका, लॉकेटं. देशात असा पुस्तकांचा खप फार थोड्या ठिकाणी होत असेल. स्टॉलवर दिवसभर उभ्या कोण असतात? पोरी. गिऱ्हाइकाशी बोलतात, सुटे देतात, कुठलं पुस्तक कशाबद्दल आहे ते सांगतात. रात्री पेटी मोजायला कोण बसतं ते तुम्हीच सांगा. 'मला जमेल का' हा भरवसा पोरीत आणायला अमेरिकेतला अभ्यास लागत नाही. यंदाच्या स्टॉलची पेटी पोरींनी मोजायची, घाऊक माल आणायला पोरींनी जायचं, तोटा आला तर तोही त्यांच्याच वहीत. एवढं एक करून बघा.

१९४२ साली नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली आपल्या बायांची परिषद झाली. हजारोंनी बाया जमल्या होत्या. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, गिरण्यांतल्या, विडी कारखान्यांतल्या, नगरपालिकेतल्या बायांना रजा मागितली, गिरण्यांत बायांवर देखरेखीला बाईच हवी असा ठराव केला. कुणी त्यांना प्रश्नावली दिली नव्हती, आणि त्यांच्या आकांक्षा मोजायलाही कुणी आलं नव्हतं. ठरावात भाषा गोलमोल नाही, काय पाहिजे ते नावानिशी आहे. आपल्या कालच्या ठरावातही तसंच लिहा. बाईच्या नावचं कर्जप्रकरण असेल तर फॉर्म तिनं स्वतः भरायचा. चालू खात्यावर एकटीची सही. भागीदारी असेल तर तिचा हिस्सा, तिचा पगार, दोन्ही करारात लिहायचे. मुलाखतीला बँकेत तिच्याबरोबर जायचं झालं तर संघटनेतली बाई जाईल, भाऊ बाहेर थांबेल. जामीनदार मिळत नसेल तर आपल्यातले जे कायम नोकरीत आहेत त्यांनी उभं राहायचं, आणि उभं राहताना तिला लग्नाचं विचारायचं नाही. संध्याकाळचे वर्ग सातला ठेवलेत ते हलवा. सातला पाणी येतं, आणि पाणी कोण भरतं हे मी सांगायला नको.

(मागून आवाज : मग पोरांनी काय करायचं?)

पाणी भरायचं. (हशा)

शेवटची व्यवस्था ऐकून घ्या. उद्या सकाळी दहाला याच हॉलच्या व्हरांड्यात टेबल लावतोय. उद्यम नोंदणी २०२० पासून सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पाचशे-हजार देऊ नका, कुणी दिले असतील तर नाव सांगा, जाऊन परत आणू. येताना आधार, पॅन, स्वतःच्या नावाचं पासबुक आणा. मुंबईत दुकान टाकायचं असेल त्यांना गुमास्त्याचं समजावून सांगायला एक जण असेल. फोन स्वतःचा आणा, ओटीपी त्याच्यावर येतो आणि तो दुसऱ्या कुणाला सांगायचा नसतो, भावालाही नाही. ज्यांच्याकडं स्वतःचा फोन नाही त्यांनी आज जेवणाआधी माझ्याकडं नाव लिहून द्या. आधी त्या यादीवर काम करायचंय.